नैराश्यावरील वनौषधी : किती पुरावा, कशाचा पुरावा

सोलापुरात औषधांचे दुकान चालवताना एक विचारणा बाराही महिने होत असते, आणि ती बहुतेक वेळा दुकानात दुसरे गिऱ्हाईक नसताना, थोड्या खालच्या आवाजात होते : "डोक्याच्या गोळ्या नकोत, आयुर्वेदिकमध्ये मन शांत होण्यासारखं काही आहे का?" विचारणारी माणसे सगळ्या थरांतली असतात. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात रात्रपाळी करणारा यंत्रमाग कामगार असतो, घरी विड्या वळणाऱ्या आईसाठी औषध न्यायला आलेली मुलगी असते, जुळे सोलापुरातले निवृत्त शिक्षक असतात. कारणे मात्र जवळपास तीच असतात. मानसोपचारतज्ज्ञाची चिठ्ठी म्हणजे वेडाचा शिक्का, त्या गोळ्यांची सवय लागते, एकदा सुरू झाल्या की सुटत नाहीत, आणि झाडपाल्याच्या औषधाने गुण आला नाही तरी अपाय तर होणार नाही, हा समज घट्ट बसलेला आहे. फार्मसीचे शिक्षण घेतलेला माणूस म्हणून या प्रश्नाचे नीट उत्तर देणे मला माझे काम वाटते. काही वनौषधींवर नैराश्यासाठी खरोखर चाचण्या झालेल्या आहेत, त्यांतल्या एकीचा पुरावा बराच भक्कम आहे, आणि नेमकी तीच वनौषधी इतर औषधांच्या जोडीने घेतली तर सर्वांत जास्त घातक ठरू शकते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, म्हणून हा लेख जरा विस्ताराने लिहितो आहे.

आधी आजाराविषयी थोडेसे. चार दिवस मन लागत नाही, घरात भांडण झाले म्हणून जेवण जात नाही, याला नैराश्याचा आजार म्हणत नाहीत. सलग दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ, दिवसाचा बराचसा वेळ मन खिन्न राहणे किंवा कशातच गोडी न वाटणे, आणि त्याबरोबर झोप, भूक, थकवा, एकाग्रता, अपराधीपणाची भावना, जगणे नकोसे वाटणे यांपैकी बऱ्याच तक्रारी असणे, असे त्याचे निदान ठरलेले आहे. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (महाराष्ट्र त्यात नव्हता) दर वीस प्रौढांपैकी साधारण एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्य आल्याचे दिसले, आणि नैराश्य व चिंतेसारखे नेहमी आढळणारे मानसिक आजार असलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के लोक उपचारांपासून दूरच असल्याचेही दिसले. माझ्या काउंटरवरचा तो हलक्या आवाजातला प्रश्न या ८५ टक्क्यांमधूनच येतो. त्याला हसून वाटेला लावले, तर तो माणूस ऑनलाइन काहीतरी मागवतो, किंवा काहीच करत नाही.

नैराश्यावरील औषधाची परीक्षा करणे अवघड का असते, हे समजले की पुढचे सगळे सोपे होते. रक्तातील साखर मोजता येते, तसे खिन्नता मोजण्याचे यंत्र नाही. मॅक्स हॅमिल्टन या मानसोपचारतज्ज्ञाने १९६० मध्ये एक प्रश्नावली प्रसिद्ध केली, तिच्या सतरा मुद्द्यांवर रुग्णाला गुण दिले जातात, आणि उपचारानंतर ते गुण किती उतरले यावर औषधाचा निकाल लागतो. शिवाय नैराश्य अनेकांच्या बाबतीत काही महिन्यांत आपोआपही ओसरते. माणूस डॉक्टरकडे जातो तोच मुळी त्रास शिगेला पोहोचल्यावर, त्यामुळे त्यानंतरचा उतार हा कोणत्याही औषधाच्या खात्यावर जमा होऊ शकतो. कोणीतरी आस्थेने विचारपूस करते आहे, उपचार सुरू आहेत, या जाणिवेनेही बरे वाटते. नैराश्याच्या चाचण्यांत नुसत्या बनावट गोळीवर, म्हणजे दिसायला सारखी पण आत औषध नसलेल्या गोळीवर, तीन-चार जणांमागे एकाला चांगला फरक पडणे ही नेहमीची गोष्ट आहे. म्हणून "माझ्या मेहुण्याला गुण आला" हे वाक्य कितीही मनापासून म्हटलेले असले तरी त्यातून औषधाविषयी काहीच सिद्ध होत नाही. कोणती गोळी कोणाला मिळाली हे रुग्णालाही ठाऊक नाही आणि गुण देणाऱ्यालाही ठाऊक नाही, अशी बनावट गोळीशी केलेली तुलनाच काहीतरी सांगू शकते.

या कसोटीवर सर्वांत जास्त वेळा घासली गेलेली वनौषधी म्हणजे सेंट जॉन्स वर्ट. पिवळ्या फुलांचे हे झुडूप युरोपात रानोमाळ उगवते आणि आपल्याकडे पश्चिम हिमालयाच्या उतारांवरही सापडते. जर्मनीत त्याच्या अर्काच्या गोळ्या डॉक्टर लिहून देत आले आहेत. १९९६ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये क्लाउस लिंडे आणि सहकाऱ्यांनी २३ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला, आणि तेव्हापासून जगाचे लक्ष या झुडपाकडे वळले. त्याच लिंडे यांनी २००८ मध्ये कॉक्रेन या संस्थेसाठी पुन्हा आढावा घेतला, त्यात २९ चाचण्या आणि ५,४८९ रुग्ण होते. निष्कर्ष असा, की हा अर्क बनावट गोळीपेक्षा सरस ठरतो, नेहमीच्या नैराश्यरोधक औषधांच्या साधारण बरोबरीने काम करतो, आणि त्याचे दुष्परिणाम कमी असल्याने औषध मध्येच सोडून देणारेही कमी असतात. वनौषधीच्या बाजूने इतका स्पष्ट निष्कर्ष नैराश्याच्या क्षेत्रात दुसरा नाही, आणि ज्यांना वनौषधी म्हणजे सरसकट भोंदूपणा वाटतो त्यांनी तो प्रामाणिकपणे मान्य केला पाहिजे.

मात्र त्याच आढाव्यात एक अडचणीची गोष्ट नोंदवलेली आहे. जर्मन भाषिक देशांत झालेल्या चाचण्यांचे निकाल इतर देशांतल्या चाचण्यांपेक्षा ठळकपणे अनुकूल आहेत. अमेरिकेत २००१ मध्ये २०० रुग्णांवर झालेल्या चाचणीत या अर्काचा उपयोग दिसला नाही. २००२ मध्ये ३४० रुग्णांची आणखी एक चाचणी प्रसिद्ध झाली, ती मला सर्वांत बोलकी वाटते. तिच्यात तीन गट होते : एकाला सेंट जॉन्स वर्ट, दुसऱ्याला सर्ट्रालिन हे प्रस्थापित औषध, आणि तिसऱ्याला बनावट गोळी. आठ आठवड्यांनी पूर्ण प्रतिसाद देणाऱ्यांचे प्रमाण वनौषधीच्या गटात २३.९ टक्के, सर्ट्रालिनच्या गटात २४.८ टक्के आणि बनावट गोळीच्या गटात ३१.९ टक्के निघाले. वनौषधीचे विरोधक या चाचणीतला पहिला आकडा दाखवतात आणि दुसरा झाकून ठेवतात. त्या चाचणीत वनौषधी हरली असेल, तर मुख्य मोजमापावर सर्ट्रालिनही हरले, आणि सर्ट्रालिन इतर अनेक चाचण्यांत उपयोगी ठरलेले असल्यामुळे एका चाचणीवरून कोणाचाच निकाल लावता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ निघतो.

आणखी एक गोष्ट आमच्या व्यवसायाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. झाड तेच असले तरी प्रत्येक अर्क सारखा नसतो. १९९८ मध्ये जर्मनीत १४७ रुग्णांवर झालेल्या चाचणीत एकाच झुडपाचे दोन अर्क तपासले गेले. एकात हायपरफोरिन हा घटक ५ टक्के होता, दुसऱ्यात ०.५ टक्के. पहिला बनावट गोळीपेक्षा सरस ठरला, दुसरा ठरला नाही. यावरून हायपरफोरिन हेच खरे औषध असे म्हणावे, तर २००० मध्ये ३२४ रुग्णांवर झालेल्या दुसऱ्या चाचणीत हायपरफोरिन कमी असलेला एक अर्क इमिप्रामिन या जुन्या नैराश्यरोधक औषधाच्या बरोबरीने उतरला. म्हणजे नेमका कोणता घटक काम करतो हे अजूनही उलगडलेले नाही, आणि डबीवर केवळ वनस्पतीचे नाव व मिलिग्रॅम छापलेले असतील तर त्या डबीतल्या चूर्णाला या चाचण्यांचा पुरावा लागू पडत नाही. पुरावा असतो तो ठरावीक पद्धतीने काढलेल्या, ठरावीक प्रमाणाच्या अर्काचा.

आता धोक्याकडे येतो. हायपरफोरिन आपल्या यकृतातल्या औषधे मोडून काढणाऱ्या विकरांना जागे करते, विशेषतः सीवायपी ३ए४ या विकराला, आणि बाजारातली निम्म्याच्या आसपास औषधे याच विकराच्या हातून जातात. परिणामी दुसरे औषध नेहमीच्या मात्रेत घेऊनही रक्तात पुरेसे उरत नाही. २००० मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात यासंबंधी दोन नोंदी प्रसिद्ध झाल्या. एकीत सेंट जॉन्स वर्टमुळे एचआयव्हीवरील इंडिनाविर या औषधाची रक्तातली एकूण उपलब्धता ५७ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. दुसरी नोंद झुरिचमधल्या, हृदयरोपण झालेल्या दोन रुग्णांची होती : ही वनौषधी सुरू केल्यावर नवा अवयव शरीराने नाकारू नये म्हणून दिले जाणारे सायक्लोस्पोरिन त्यांच्या रक्तात उतरले आणि शरीर नवे हृदय नाकारू लागले. रक्त पातळ करणारे वॉरफेरिन, गर्भनिरोधक गोळ्या, हृदयासाठीचे डिगॉक्सिन, फिट्सची काही औषधे यांच्याबाबत हाच प्रकार होतो. नैराश्याच्या चालू गोळ्यांबरोबर ती घेतली तर उलटा धोका असतो. मेंदूतल्या सेरोटोनिनचे काम प्रमाणाबाहेर वाढून ताप, थरथर, घाम, जुलाब, छातीत धडधड आणि गोंधळलेली अवस्था अशी गंभीर स्थिती उद्भवू शकते. या झुडपातल्या हायपेरिसिनमुळे त्वचा उन्हाला हळवी होते, हे त्यामानाने किरकोळ वाटेल, पण वैशाखात पारा चव्वेचाळीसच्या पुढे जाणाऱ्या आपल्या गावात तेही दुर्लक्ष करण्याजोगे नाही.

हे सगळे पुस्तकी वाटू नये म्हणून एक प्रसंग सांगतो. एक गृहस्थ, वय साठीच्या आसपास, नेहमीच्या गोळ्या न्यायला आले आणि त्यांनी पिशवीतून एक पांढरी डबी काढून काउंटरवर ठेवली. "मुलीने परदेशातून पाठवली आहे. तिथे म्हणे दुकानात अशीच मिळते, चिठ्ठी लागत नाही. आता तुमच्या त्या गोळ्या बंद करून हीच चालू करावी म्हणतो, का दोन्ही घेऊ?" डबी सेंट जॉन्स वर्टची होती, ३०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूल, दिवसातून तीन. "त्या गोळ्या" म्हणजे त्यांच्या मानसोपचारतज्ज्ञांनी लिहून दिलेले एसिटालोप्राम, आणि त्याच चिठ्ठीच्या पाठीमागे दुसऱ्या डॉक्टरांच्या अक्षरात हृदयाच्या झडपेच्या शस्त्रक्रियेनंतरचे वॉरफेरिन. मी त्यांना म्हटले, "काका, या दोन्ही गोळ्यांशी हिचे वाकडे आहे. एकीबरोबर ही जास्त होते, दुसरीला ही कमी करते. रक्त घट्ट होऊन गुठळी झाली तर झडप बंद पडू शकते." त्यांना ते पटेना, मुलीने पाठवलेली वस्तू, तीही झाडपाल्याची, घातक कशी असेल? मी डबीच्या मागचा बारीक मजकूर त्यांना वाचून दाखवला, त्यात रक्त पातळ करणाऱ्या आणि नैराश्याच्या औषधांबरोबर घेऊ नये असे स्पष्ट छापलेले होते. मग तिथूनच त्यांच्या डॉक्टरांना फोन लावून दिला. डॉक्टरांनी डबी उघडू नका असे सांगितले, आणि गोळीने तोंड कोरडे पडते, झोप येते या त्यांच्या तक्रारींसाठी वेळ आणि मात्रा बदलून दिली. गोळी सोडण्यामागे त्यांची खरी अडचण तीच होती, पण ती त्यांनी तोवर डॉक्टरांना सांगितलीच नव्हती.

सेंट जॉन्स वर्ट आपल्या बाजारात सहज दिसत नाही. आपल्याकडे जास्त विचारणा केशर, हळद आणि अश्वगंधा यांची होते.

केशराविषयीचा पुरावा मुख्यतः इराणमधून आलेला आहे. तेहरानमधल्या संशोधकांनी २००४ पासून चाचण्यांची एक मालिकाच प्रसिद्ध केली. तीस मिलिग्रॅम केशराचा अर्क रोज, सहा आठवडे, अशी साधारण मांडणी होती. एका चाचणीत तुलना इमिप्रामिनशी, एकीत फ्लुओक्सेटिन या दुसऱ्या नैराश्यरोधकाशी, एकीत बनावट गोळीशी झाली. केशर बनावट गोळीपेक्षा सरस आणि औषधांच्या बरोबरीचे असे निकाल आले. वाचून आनंद होतो, पण या चाचण्यांतली माणसे तीस-चाळीस होती. इतक्या छोट्या गटात दोन औषधांत फरक दिसला नाही, याचा अर्थ ती सारखी आहेत असा होत नाही. फरक असला तरी तो पकडण्याइतकी माणसेच तिथे नव्हती. पुढे इतर देशांतही केशरावर काम झाले आणि निकाल एकंदरीत आशादायक आहेत, तरी सहा-आठ आठवड्यांपलीकडे काय होते, आजार उलटतो का, याचे उत्तर त्यांत मिळत नाही.

शिवाय केशर आणायचे कुठून हा प्रश्न आहेच. आपल्या जिल्ह्यातल्या कोरडवाहू रब्बीत करडई घेतात, आणि करडईच्या वाळलेल्या केशरी पाकळ्या ही केशरातली जगभरातली जुनी भेसळ आहे. काटेरी बोंडावरची ती फुले ज्याने रानात पाहिली आहेत त्याला डबीतल्या पाकळ्या ओळखता येतील. केशराची काडी एका टोकाला रुंद, तुतारीसारखी उमललेली असते, करडईची पाकळी नळीसारखी असून टोकाला बारीक पाच भागांत फाटलेली असते. पण हे अख्ख्या काडीत कळते. कॅप्सूलमध्ये भरलेल्या भुकटीत कळत नाही. दुधात केशराच्या दोन काड्या टाकून पिणे आणि तीस मिलिग्रॅम प्रमाणित अर्क रोज घेणे यांतही बराच फरक आहे.

हळदीचे प्रकरण याहून कच्चे आहे. गुजरातमधल्या भावनगरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात साठ रुग्णांवर झालेली चाचणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि "हळद नैराश्यावर औषधाइतकीच गुणकारी" असा तिचा गाजावाजा आजही फिरत्या संदेशांत वाचायला मिळतो. त्या चाचणीत एका गटाला फ्लुओक्सेटिन, दुसऱ्याला हळदीतले कर्क्युमिन रोज १,००० मिलिग्रॅम आणि तिसऱ्याला दोन्ही दिले होते. सहा आठवड्यांनी प्रतिसादाचे प्रमाण अनुक्रमे ६४.७, ६२.५ आणि ७७.८ टक्के आले, आणि या तिन्हींतला फरक संख्याशास्त्रीय दृष्ट्या अर्थपूर्ण नव्हता. बनावट गोळीचा गट नव्हता, म्हणजे किती जण तसेही बरे झाले असते हे कळायला मार्ग नाही. संशोधकांनी सुरक्षिततेचा आणि उपयोगाचा प्राथमिक संकेत मिळाला, इतकेच संयमाने मांडले होते. संदेश पुढे पाठवणाऱ्यांनी त्याचा निकाल करून टाकला. आता हिशेब पाहा. हळदीत कर्क्युमिन वाणानुसार कमी-अधिक, पण साधारण तीन टक्के असते. म्हणजे १,००० मिलिग्रॅमसाठी रोज तेहतीस-चौतीस ग्रॅम हळद पोटात जायला हवी, आणि गेली तरी कर्क्युमिन आतड्यातून रक्तात फारच थोडे शोषले जाते. ते शोषले जावे म्हणून कॅप्सूलमध्ये मिरीतले पायपरिन घालतात, आणि तेच पायपरिन इतर औषधांचेही शोषण वाढवते. जास्त शोषल्या जाणाऱ्या अशा कॅप्सूल घेणाऱ्यांत यकृताला सूज आल्याच्या नोंदी अलीकडे अमेरिका आणि इटलीतून आल्या आहेत. आमटीतल्या हळदीला या कशाचीच बाधा नाही; ती खुशाल खावी, पण तिच्यावर आजाराचा भार टाकू नये.

अश्वगंधेबद्दल मला जास्त कळकळीने बोलायचे आहे, कारण गेल्या काही वर्षांत तिच्या डब्या किराणा दुकानातही दिसू लागल्या आहेत. हैदराबादमध्ये ६४ जणांवर झालेली, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी तिच्या प्रत्येक जाहिरातीमागे उभी असते. रोज ६०० मिलिग्रॅम मुळाचा अर्क, साठ दिवस. ताणाचे गुण उतरले आणि रक्तातले कॉर्टिसॉल हे ताणाशी निगडित संप्रेरक २७.९ टक्क्यांनी घटले. चाचणी बरी होती, पण ती ताणाखाली असलेल्या माणसांवर होती, नैराश्याचे निदान झालेल्या रुग्णांवर नव्हती. ताण कमी झाला म्हणजे नैराश्य बरे झाले, ही उडी जाहिरात मारते, पुरावा मारत नाही. दुसऱ्या बाजूला आइसलंड आणि अमेरिकेतून २०२० मध्ये अश्वगंधेमुळे कावीळ व यकृताची इजा झालेल्या पाच रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली, पुढे भारतातल्या डॉक्टरांनीही अशा नोंदी केल्या, आणि डेन्मार्कने २०२३ मध्ये अश्वगंधेवर बंदी घातली. अशी इजा क्वचित होते आणि औषध थांबवल्यावर बहुतेक जण सावरतात हेही सांगायला हवे. अश्वगंधा थायरॉइडचे संप्रेरक वाढवू शकते, म्हणून थायरॉइडची गोळी चालू असलेल्यांनी, आणि त्यांची संख्या आपल्याकडच्या स्त्रियांत मोठी आहे, ती परस्पर सुरू करू नये. गरोदर स्त्रियांनी तर घेऊच नये.

ब्राह्मीवरचे माणसांतले काम मुख्यतः स्मरणशक्तीवर आहे. शंखपुष्पी आणि जटामांसी यांच्याबाबतीत जे दाखवले जाते ते बहुतांशी उंदरांवरचे आहे. सारस्वतारिष्टासारख्या अरिष्टांत मुरताना तयार झालेले मद्यार्क असते, ते लेबलवरच लिहिलेले असते. झोपेची गोळी घेणाऱ्याने आणि त्यातल्या गोडामुळे मधुमेहीनेही ते लक्षात ठेवावे.

आपल्या एका वनस्पतीची खरी कसोटी मात्र झालेली आहे, आणि तिची कथा या विषयात सांगितलीच पाहिजे. सर्पगंधा. गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये ती उन्माद आणि रक्तदाब यांवर वापरल्याचे लिहिले. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये रक्तदाबावरचे आपले निरीक्षण प्रसिद्ध केले, १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळे काढले गेले, आणि काही वर्षांतच ते जगभर वापरात आले. मग रक्तदाबासाठी रेसर्पिन घेणाऱ्या काही रुग्णांना गंभीर नैराश्य आल्याचे अहवाल येऊ लागले. रेसर्पिन मेंदूतल्या सेरोटोनिन आणि नॉरअ‍ॅड्रेनलिनचे साठे रिकामे करते हेही कळले, आणि नैराश्य म्हणजे या रसायनांचा तुटवडा असावा या कल्पनेला त्यातून बळ मिळाले. गंमतीची म्हणावी अशी नाही, पण विचारात टाकणारी गोष्ट ही, की १९५५ मध्ये लंडनमधल्या एका चाचणीत त्याच रेसर्पिनने चिंताग्रस्त व खिन्न रुग्णांना आराम पडल्याचे दिसले होते, आणि रेसर्पिनमुळे नैराश्य येतेच हा दावा पुढच्या आढाव्यांत बराच सैल पडला. ज्या मुळीला आपण शतकानुशतके ओळखत होतो तिने मनावर नेमके काय केले हे ठरवायला इतकी वर्षे लागली, तीही मात्रा आणि घटक मोजता येऊ लागल्यानंतर. गोळी वनस्पतीची आहे, एवढ्यावरून ती मनाला मानवेल की बाधेल हे सांगता येत नाही, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

न्यायाने पाहायचे तर हीच भिंगे आमच्या कपाटातल्या गोळ्यांनाही लावली पाहिजेत. २००८ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक अभ्यास आला. अमेरिकेच्या औषध नियंत्रकाकडे नोंदलेल्या नैराश्यरोधकांच्या ७४ चाचण्यांपैकी निम्म्याच्या आसपास अनुकूल होत्या, पण छापून आलेल्या चाचण्या वाचल्या तर ९४ टक्के अनुकूल वाटत, कारण प्रतिकूल चाचण्यांपैकी बऱ्याच छापल्याच गेल्या नव्हत्या किंवा गोड करून छापल्या होत्या. त्यानंतर २०१८ मध्ये लॅन्सेटमध्ये न छापलेल्या चाचण्याही गोळा करून ५२२ चाचण्या आणि १,१६,४७७ रुग्णांचा आढावा आला. २१ औषधे तपासली, एकवीसही बनावट गोळीपेक्षा सरस ठरली, परंतु फरक सरासरीने मध्यमच होता. म्हणजे या गोळ्या चमत्कार करत नाहीत, पण त्यांचा उपयोग आणि त्यांचे दुष्परिणाम लाखाहून अधिक माणसांवर तपासलेले आहेत. केशराचा अर्क काही शे माणसांवर तपासला आहे आणि जटामांसी जवळपास कोणावरच नाही. उरला सवयीचा मुद्दा : एसिटालोप्राम किंवा सर्ट्रालिनची दारूसारखी ओढ लागत नाही, मात्र ती एकदम थांबवली तर चक्कर, अस्वस्थता येते, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करावी लागतात. खर्चाचे म्हणाल तर याच औषधांची जेनेरिक स्ट्रिप केशराच्या कॅप्सूलच्या डबीपेक्षा कितीतरी स्वस्त पडते.

डबीवरच्या मजकुराबद्दल लोकांना फार कमी माहिती असते. आयुर्वेदिक औषध म्हणून परवाना घेतलेले, प्राचीन ग्रंथातल्या पाठानुसार बनवलेले औषध विकण्यासाठी कायद्याने माणसांवरची चाचणी मागितलेली नाही. ग्रंथाचा आधार पुरतो. दुसरा प्रकार अन्नपूरकांचा. त्यांच्यावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे नियम चालतात, आणि २०१६ च्या नियमांनुसार त्यांच्या वेष्टनावर "नॉट फॉर मेडिसिनल यूज" असे छापावेच लागते. पुढच्या बाजूला उगवता सूर्य, प्रसन्न चेहऱ्याची तरुणी आणि "मूड सपोर्ट" असे मोठे अक्षर, आणि मागच्या बाजूला, बारकोडच्या शेजारी, हे औषध नव्हे असे बारीक अक्षरात; गिऱ्हाईकाने विचारले की मी डबी उलटी करून तेवढे वाक्य बोटाने दाखवतो. परवाना, बॅच क्रमांक काहीच नसलेल्या, यात्रेत किंवा घरोघर विकल्या जाणाऱ्या पुड्यांबद्दल तर विचारूच नये. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत अमेरिकेतल्या बोस्टनच्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले होते, आणि ती बंद, लेबल लावलेली उत्पादने होती.

ज्यांना गोळीच नको आहे त्यांच्यासाठी गोव्यातला एक पुरावा मला वनौषधींपेक्षा जवळचा वाटतो. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मध्यम ते तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ जणांवर झालेली चाचणी २०१७ मध्ये लॅन्सेटमध्ये आली. मानसोपचारतज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी सहा ते आठ बैठकांत रुग्णाला त्याच्या सुटलेल्या कामांकडे, माणसांकडे, हालचालींकडे पायरीपायरीने परत आणले. तीन महिन्यांनी आजार ओसरलेल्यांचे प्रमाण या गटात ६४ टक्के आणि नेहमीचे उपचार मिळालेल्यांत ३९ टक्के होते. आपल्यासारख्याच गावांतली, आपल्यासारखीच माणसे, आणि काढा नाही की कॅप्सूल नाही.

तेव्हा काउंटरवर मी काय सांगतो? आधी तब्येत तपासून घ्या. थायरॉइड मंदावले असेल किंवा बी १२ कमी झाले असेल, आणि शाकाहारी घरांत ते वारंवार कमी असते, तर थकवा आणि खिन्नता यांचे कारण तिथेच सापडू शकते. त्यावर अश्वगंधा घेत बसणे म्हणजे वेळ घालवणे. सिव्हिलमध्ये मानसोपचार विभागाची बाह्यरुग्ण सेवा असते. घराबाहेर पडण्याचा संकोच असेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही उपलब्ध आहे. जगणे नकोसे वाटते, असा विचार मनात येत असेल तर त्या दिवशीच बोलावे. अशा वेळी कोणतीही वनौषधी, अगदी सर्वांत जास्त पुरावा असलेलीही, पुरेशी नाही. आजार सौम्य असेल, दुसरी औषधे चालू नसतील आणि डॉक्टरांना विश्वासात घेऊन कोणी केशराचा अर्क काही आठवडे घेऊन पाहणार असेल, तर मी त्याला अडवत नाही. कधी सुरू केले ते मात्र तारखेसह लिहून ठेवायला सांगतो.

आणि ज्यांनी अशी एखादी डबी आधीच सुरू केली आहे, त्यांनी घाबरून चालू गोळ्या किंवा ती डबी परस्पर बंद करू नये. डॉक्टरांकडे जाताना चिठ्ठ्यांबरोबर ती डबीही पिशवीत घ्यावी. सेंट जॉन्स वर्ट असेल तर हे अधिकच जरूरीचे आहे, कारण ते थांबवल्यावर यकृतातली विकरे सुमारे दोन आठवड्यांत पूर्वपदावर येतात, आणि त्या काळात वॉरफेरिनसारख्या औषधाची रक्तातली पातळी एकाएकी वर जाऊ शकते. शस्त्रक्रिया ठरलेली असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही हे दोन आठवडे आधी कळलेले असले पाहिजे.